टोकन तिचे होते

त्या सोमवारी वसईजवळच्या पापडी गावातल्या एका मुलीला आम्ही चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावले. तिचे वडील बाहेरच्या बाकावर बसले.

तो तपास माझ्या मनातून कधी गेला नाही. आज लिहितो आहे, कारण तो ज्यांनी लावला, त्या नंदाखाल गावच्या माझ्या सहकारी उपनिरीक्षक बाई या वर्षी वारल्या.

दोन हजारचे दशक संपत आले होते. वसई-विरार तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. एका पॅथॉलॉजी लॅबच्या मालकांना निनावी फोन आला, की तुमच्या पेशंटचे रिपोर्ट बाहेर फिरतायत. त्यांनी सर्व्हरवरच्या नोंदी तपासून फिर्याद दिली. रिपोर्टची प्रत्येक मागणी या मुलीच्या टोकनवर झाली होती, आणि लॅबची वेबसाइटही तिनेच बनवली होती.

चौकशीत तिने एकच धरून ठेवले: टोकन माझे, मागणी माझी नाही. अटकेपुरता पुरावा आमच्या हातात होता.

बाईंनी तिला टोकन म्हणजे काय, ते सांगायला लावले. प्रोग्राम एकदाच नाव आणि पासवर्ड देतो. सर्व्हर त्याला अक्षरांची एक लांब ओळ देतो. पुढे प्रत्येक मागणीसोबत तीच ओळ पाठवायची. सर्व्हर पासवर्ड पुन्हा विचारत नाही.

आमचे हवालदार म्हणाले, "म्हणजे माझी वर्दी कोणी चोरून घातली, तर सलाम त्याला आणि मेमो मला."

"तसंच," बाई म्हणाल्या आणि मुलीकडे वळल्या. "तू तुझी वर्दी कुठे टांगून ठेवलीस?"

मग तिला आठवले. रविवारी ती आगाशीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवी. प्रोग्राम खरोखर चालताना दिसला की मुलांना लवकर समजते, म्हणून तिने रिपोर्ट मागवणारा लॅबचाच प्रोग्राम तिथल्या संगणकावर घातला होता. टोकन कोडमध्येच लिहिलेले होते. चाचणीपुरते म्हणून लिहिले, ते काढायचे राहिले. त्याला मुदतही नव्हती.

हे कळताच लॅबचे मालक टोकन रद्द करायला निघाले. बाईंनी त्यांना थांबवले. "चालू राहू दे. मागणी आली तर रिपोर्टच्या जागी कोरं पान जाऊ दे." मुलीचा मोबाइल त्यांनी स्वतःच्या टेबलावर ठेवला, तिला समोर बसवले आणि हवालदारांना साध्या वेशात क्लासमध्ये पाठवले.

दुपारी लॅबमधून फोन आला. त्याच टोकनवर नवी मागणी आली होती. मुलगी आमच्यासमोर चहाचा कप धरून बसली होती. तिकडे हवालदारांनी क्लासच्या चालकाला त्या प्रोग्रामसमोरच धरले. लग्न जुळवणाऱ्या एका एजंटाला तो मुलींचे रिपोर्ट पुरवत होता.

बाई बाहेर गेल्या. "काका, पोरीला घरी न्या," एवढेच म्हणाल्या.

पुरावा कोणाच्या नावाचा आहे आणि तो कोणाच्या हातात होता, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मी तेव्हा शिकलो. नंतरच्या प्रत्येक तपासात दोन्ही विचारले. वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात बाईंचे नाव माझ्या नावाच्या वर होते. नोकरीत मी केलेल्या सह्यांपैकी त्या सहीचा मला सर्वात जास्त अभिमान आहे.

बाई आज नाहीत. त्या मुलीच्या नावावर पोलीस दप्तरात एकही गुन्हा नाही.