बिरोबासमोर विमान वळतं

विमान अलगद टेकलं, सरळ धावलं आणि धावपट्टीच्या कडेला असलेल्या बिरोबाच्या देवळासमोर येताच पुन्हा डावीकडे वळलं. मी मागच्या सीटवरून उजवा पाय दाबला म्हणून आम्ही गवतात गेलो नाही.

पुढे बापू खरात बसले होते. जतकडच्या मेंढपाळ घरातले, आता डाळिंबवाले, वय पन्नाशीचं. मी कराडच्या बाजूला विमान शिकवते, ते माझे विद्यार्थी. त्यांना आयुष्यात एकदा सोलो करायचं होतं, म्हणजे एकट्याने उडवून उतरवायचं.

आमचं हे विमान जुन्या धाटणीचं. दोन चाकं पुढे, एक चिमुकलं शेपटाखाली. वजन मागे असल्यामुळे विमान जरा वाकडं झालं की शेपूट पुढे यायला बघतं आणि विमान गिरकी घेतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. यात पंख घासतो आणि इन्स्ट्रक्टरची इज्जतही. जमिनीवर सरळ ठेवायचं काम पायांखालच्या पेडलचं.

आम्ही शेपटाचं चाक, टायरची हवा, ब्रेक सगळं तपासलं. दोष सापडेना. मेकॅनिक माझ्याकडेच संशयाने बघायला लागला.

शेवटी आर्मीतून आलेले आमचे चीफ इन्स्ट्रक्टर म्हणाले, "उद्या मी बसतो. वळलं तर सोलो कॅन्सल."

बापूंचं तोंड उतरलं. मलाही फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी देवळापाशी उभी राहिले. विमान टेकलं, सरळ आलं. देवळासमोर बापूंची मान वळली, हात जोडले गेले, पाय सैल पडले. आपल्याकडे गाडी चालवताना सगळेच हे करतात. पण मागे साहेबांचेही हात जोडलेले! त्या घटकेला विमान बिरोबाच चालवत होता आणि त्याच्याकडे लायसन्स नव्हतं. दोघं गवतात जाऊन थांबले.

"क्रॉसविंड," साहेब उतरता उतरता म्हणाले, म्हणजे आडवा वारा. वारा दाखवणारा कापडी मोजा खांबाला गुमान लोंबत होता.

मी गरीब चेहऱ्याने विचारलं, "म्हणजे बापूंची चूक नाही ना, सर?"

साहेबांना 'चूक नाही' म्हणावंच लागलं. सोलो वाचलं.

मग मी बापूंना बाजूला घेतलं. नमस्कार आधी वरूनच करा म्हटलं, तर ते दचकले.

"आवं मॅडम, वरनं पाय देवाकडं हुत्यात की."

"मग थांबल्यावर करा."

"देवाला ताटकळत ठिवायचं?"

"देव थांबतो, बापू. शेपूट थांबत न्हाई."

हे त्यांना पटलं. सोलोला ते मान ताठ ठेवून देवळासमोरून सुतासारखे सरळ गेले. माझे डोळे भरून आले. मग त्यांनी धावपट्टीच्या मधोमध इंजिन बंद केलं, उतरले आणि चालत देवळाकडे निघाले. बूट काढून निवांत नमस्कार.

वर साहेब दुसऱ्या विमानात घिरट्या घालत होते. रेडिओवर ओरडले, "रनवेवर विमान का उभं आहे?"

"क्रॉसविंड, सर," मी सांगितलं.

आता नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्याच दिवशी सांगते: टेकलं म्हणजे उतरलं नव्हे, थांबेपर्यंत पाय पेडलवरच हवेत. साहेब जवळपास असले तर आवाज थोडा वाढवते.