नवमीचं ताट

माझ्या सुनेनं मला उपाशी ठेवलेलं नाही. अंबरनाथ पश्चिमेला, आमच्या इमारतीखालच्या बाकावर बसून जे कोणी याच्या उलट सांगत असतील त्यांच्यासाठी हे लिहीत नाही. ते काही वाचायला जाणार नाहीत. ही गोष्ट त्या बाकावर रंगत होती तेव्हा मीही तिथेच बसलो होतो आणि हसत होतो. म्हणून आता जे घडलं ते सरळ लिहून ठेवतो. कोणाला आवडो न आवडो.

बायको गेली तेव्हा मी एमआयडीसीतली नोकरी संपवून घरी बसलो होतो. नोकरीत पाळ्या फिरत. पहिली असो की तिसरी, मी दारात पाऊल टाकलं की ताट वाढलेलं असे. मी जेवायचो, हात धुवायचो, पेपर घ्यायचो. मग स्वयंपाकघरात भांडी वाजायची. ती जेवते कधी, हे मी उभ्या आयुष्यात विचारलं नाही.

ती गेल्यावर दिवसकार्यात तिच्या नावाचं पान वाढलं. तेराव्यानंतर ते थांबतं. मी थांबवलं नाही. मुलगा कामावर असायचा, सून बदलापूरला बालवाडीत शिकवायला जायची. दुपारी घरात मी एकटा. मी दोन ताटं घ्यायचो, एक माझं, एक शेजारी तिचं. हयात असताना शेजारी बसवलं नाही, आता बसवत होतो. दोन्हींत सारखंच वाढायचो. माझं संपलं की थोडा वेळ तिच्या ताटाकडे बघत बसायचो. मग अन्न टाकायचं कसं, म्हणून तेही जेवायचो. रडू वर यायला लागलं की त्याच्यावर भात टाकायचा, एवढंच मला जमत होतं. हळूहळू तिच्या ताटात गोड आलं. जिलबी आली, गुलाबजाम आले. चार वाजता चहाची वेळ झाली की फरसाणाची पिशवी फुटायची, कारण चार वाजता तिची हाक यायची आणि ती आता येत नव्हती.

गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी साखरेचा आकडा बघून गोळ्या वाढवल्या. पण मला पहिल्यांदा भान आणलं ते उल्हासनगरच्या माझ्या सिंधी मित्रानं. त्याचं पँट शिवायचं दुकान आहे. तरुणपणी आम्ही एकाच कंपनीत होतो, पुढे भावाबरोबर धंदा करायचा म्हणून त्यानं नोकरी सोडली. माझ्या पँटा तोच शिवतो, आणि दर काही महिन्यांनी कमरेची शिवण उसवून आतलं राखीव कापड बाहेर काढून देतो. त्या वेळी त्यानं पँट उलटी केली, शिवणीवरून बोट फिरवलं आणि माझ्या मांडीवर टाकली.

"साईं, आता आत कापडच नाही. जेवढं ठेवलं होतं तेवढं तू खाऊन टाकलंस."

"मग नवी शिव."

"नवी नाही शिवणार. दुसऱ्याकडे जा. पण मग दाल-पकवान खायलाही त्याच्याबरोबरच जा."

मी रागानं उठून आलो. येताना स्टेशनच्या बाहेरून पाव किलो जिलबी घेतली, ही गोष्टही खरी.

त्याच आठवड्यात सून एकदा लवकर घरी आली. मी दोन ताटं वाढून बसलो होतो.

"बाबा, कोण आलंय?"

"कोणी नाही. तुझ्या सासूचं आहे ते."

मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर मुलाला फोन लावेल. ती खांद्यावरची पर्स न काढताच समोर बसली आणि ताटाकडे बघत राहिली.

"आई एवढं जेवायच्या?"

"म्हणजे?"

"एवढा भात कधी घ्यायच्या त्या? अर्धी भाकरी घ्यायच्या आणि कढईला लागलेली भाजी पुसून घ्यायच्या. आणि गुलाबजाम कोणासाठी? पाकातलं काही खाल्लं की त्यांच्या दातांत कळ यायची."

"तुला काय माहीत?"

"आम्ही दोघी रोज बरोबरच जेवायचो ना, बाबा. तुमचं सगळं झाल्यावर."

ती हे टोचून बोलली नव्हती. पण माझा हात भातातच राहिला. ताटात एकही पदार्थ तिच्या आवडीचा नव्हता. सगळे माझ्या आवडीचे होते. तिच्या नावावर मी दुपटीनं स्वतःलाच वाढत होतो, आणि तिला काय आवडायचं हे मला माहीतच नव्हतं.

सुनेनं ते ताट आपल्याकडे ओढलं, अर्धा भात पातेल्यात परत टाकला, गुलाबजाम बाजूला ठेवले. "हे मी घेते," म्हणाली. "मला भूक लागलीय. तुम्ही जेवा, पण माझ्या गतीनं. माझा घास संपला की तुमचा."

त्या दिवसापासून मी दुपारचं जेवण ती येईपर्यंत थांबवलं. शेजारच्या ताटावर ती बसायची. तिच्या गतीनं जेवणं ही शिक्षा होती. पोरगी एक घास चावता चावता बालवाडीतल्या पोरांच्या भानगडी सांगायची, आणि मी हातात भाकरीचा तुकडा धरून ऐकायचो. अर्ध्या ताटात पोट भरतं, हे मला या वयात कळलं. तिनं कुठलाही डबा लपवला नाही, कपाटाला कुलूप लावलं नाही. एकदा मीच म्हणालो, "फरसाण आणूच नकोस घरात." ती म्हणाली, "घरात राहू दे. तुम्ही त्याच्यासमोर बसायला शिका."

राहिले ते दुपारचे चार. ते मित्रानं घेतले. पँटवरून भांडण झालं होतं तरी सुनेनं त्याला सगळं सांगितलं होतं, माझ्या परवानगीशिवाय. तो दुकानातून रोज चारला फोन करायला लागला.

"बोल साईं, काय खातोयस?"

"काही नाही."

"आवाज भरलेला येतोय. काही नाही तोंडात असताना असा आवाज येत नाही."

मग मी हसायचो, आणि हसताना गिळता येत नाही. तो गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचा, कधी वहिनीची आठवण काढायचा. मला तिच्याबद्दल बोलायला चारला माणूस मिळाला, आणि पिशवी फुटायची थांबली. नेहमीच थांबली असं नाही. भाच्याच्या मुलाच्या बारशाहून येताना पेढ्यांचा अख्खा पुडा मी रिक्षातच संपवला. दुसऱ्या दिवशी उपास करतो म्हणालो, तर मित्र फोनवर ओरडला, "खबरदार. उपाशी राहशील आणि परवा दुकान खाशील. गुपचूप रात्रीचं जेव." तेव्हा सून मागे उभी राहून कणीक मळत होती. तिनं फक्त मान हलवली.

वर्ष सरता सरता पँट सैल झाली. गळ्याची कातडी लोंबायला लागली, चेहरा ओढल्यासारखा दिसायला लागला. आणि बाकावर सुरू झालं.

"काका, घरी जेवायला देतात ना?"

दुसरा म्हणाला, "सूनबाईंनी रेशन कार्डावरून नाव उडवलेलं दिसतंय."

मी म्हणालो, "राज्य तिचं आहे, बाबांनो," आणि त्यांच्याबरोबर हसलो. खरं सांगायला गेलो असतो तर मेलेल्या बायकोचं ताट मी जेवत होतो हे सांगावं लागलं असतं. त्याची मला लाज वाटली. सुनेच्या नावाला डाग लागला तो त्या हसण्यानं. पुढे बाजारात भाजीवालीनं तिला विचारलं, सासऱ्यांना बरं नाही का, खायला घालत जा. तिनं ते फक्त मुलाला सांगितलं. मला मुलाकडून कळलं.

मग पितृपक्षातली अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी त्या दिवशी सवाष्ण जेवायला बोलावतात. आदल्या नवमीला माझी थोरली बहीण, आक्का, कुळगावहून तिच्या सुनेला सवाष्ण म्हणून घेऊन आली होती. त्या वर्षीही दोघी आल्या. आक्का दारातूनच माझ्याकडे बघत राहिली.

"काय रे ही दशा? गळ्याची हाडं मोजून घ्यावी." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, "मेलेलीला खीर-वडे, आन् जित्याला काय गं घालतेस?"

आतली झाऱ्याची खडखड थांबली.

मी उठलो. पाट मांडला, ताट वाढायला घेतलं, आणि सुनेला हाक मारली. "तू बस."

"बाबा, वडे तळायचेत अजून."

"राहू देत. बस."

आक्का म्हणाली, "घरची सून कधी सवाष्ण बसते काय? कुठली रीत ही?"

"हिची सासू हिच्याबरोबर जेवायची, आक्का. माझ्याबरोबर नाही, तुझ्याबरोबर नाही. तिचं ताट कोणी जेवायचं असेल तर हिनं."

"आन् तुला उपाशी मारती त्याचं काय?"

"मला कोणी मारलं नाही. तुझी भावजय गेल्यावर मी रोज दोन ताटं जेवत होतो, माझं आणि तिचं. हिनं मला त्यातून बाहेर काढलं. माझं वजन झडलेलं नाही, मी ते उतरवलंय. हिच्या आणि एका सिंध्याच्या जिवावर. खाली बाकावर जे बोलतात त्यांना हेच सांगणार आहे, आज संध्याकाळीच."

आक्काच्या सुनेनं पदरात तोंड लपवलं. हसत होती. "मामा, मग वाढणार कोण?"

"मी."

"तुला वाढता येतं?" आक्का म्हणाली.

येत नव्हतं. आक्काच्या सुनेलाही शेजारी बसवलं आणि दोघींच्या ताटांत भाताचे डोंगर केले. माझी सून खाली बघत म्हणाली, "बाबा, हे माझं ताट आहे. तुमचं नाही." मग मी निम्मा भात परत घेतला. आक्का कोपऱ्यात पाण्याचा तांब्या धरून बसून राहिली. माझ्या हातचं तिनं काही घेतलं नाही.

त्या दोघी उठल्यावर मी जेवायला बसलो. खीर संपली होती. दोन वडे होते, गार आणि चिवट झालेले, आणि अळूची भाजी कढईच्या कडेला लागलेली. मी ती भाकरीनं पुसून घेतली. सून वाढायला उभी राहणार होती, तिला म्हटलं, जा, पड जरा.

संध्याकाळी बाकावर जाऊन सगळं सांगितलं, जिलबीसकट. कोणी हसलं नाही. एकानं विषय बदलला, तर मी तो परत आणला.

पुढच्या नवमीला आक्का आली नाही. मी निरोप पाठवला होता, तरी आली नाही. मी पाट मांडला. सून बसली.