आयचा वाटा

विलेपार्ल्याचे भाऊ गुप्ते शाळेत इतिहास शिकवत, पण जीव त्यांचा अडकलेला ग्रीस-रोमच्या जुन्या देवांत. त्या देवळांतला शेवटचा दिवा विझला, हे सांगताना भर वर्गात ते डोळे पुसायचे. "आधी लोकांनी या देवांना पुजलं," ते सांगत, "मग नव्या धर्माने त्यांना सैतान ठरवलं. आणि हजार वर्षं उलटल्यावर कवी त्यांच्याच प्रेमात पडले." पोरं माना डोलवत. परीक्षेत हे येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

भाऊंनी स्वतः मात्र कुठल्याच देवाला कधी फूल वाहिलं नाही. देवांविषयी वाचायचं, एवढाच त्यांचा धर्म. दुसरं प्रेम मासळीवर, आणि तीही वेसाव्याच्या सखुबाई कोळणीचीच लागायची.

सोसायटीच्या फाटकाशी चिंचेखाली शेंदूर फासलेला एक दगड होता. कोळणी त्याला 'आय' म्हणत. सखुबाई तिथे टोपली उतरवायची, बोहनी व्हायच्या आधी एक बोंबील आयपुढे ठेवायची आणि मगच भाऊंच्या दारात हाक द्यायची. तिची सासूही हेच करत आली होती.

१९५६ साली फाटक रुंद करायचं ठरलं. सोसायटीचे चिटणीस अनंतराव, भाऊंचेच जुने विद्यार्थी, सभेत म्हणाले, "तो अडाण्यांचा दगड उचलून टाकू." भाऊंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवडाभर त्यांनी ग्रंथ उपसले आणि पुढच्या सभेत असं भाषण ठोकलं की ज्याचं नाव ते. ही साधीसुधी देवी नव्हे, पुराणातल्या मातृकांची ही बहीण. टाळ्या पडल्या, दगड वाचला. घरी येऊन भाऊंनी त्या खुशीत दोनदा चहा मागून घेतला.

पण झालं भलतंच. एवढी थोर देवी म्हटल्यावर तिला उघड्यावर ठेवून कसं चालेल? चौथरा आला, कठडा आला, रेशमी वस्त्र आलं. आणि कठड्यावर फलक लागला: 'येथे मांस-मासळी आणू नये.'

सखुबाईने तो कुणाकडून तरी वाचून घेतला. दुसऱ्या दिवसापासून ती त्या रस्त्याला फिरकली नाही.

भाऊंच्या ताटातली मासळी बंद झाली. माणिकबाई, त्यांची बायको, आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, तुम्ही देवीला वाचवलंत खरं. पण उपाशी ठेवलंत."

रविवारी सकाळी भाऊंनी सखुबाईला इर्ल्याच्या रस्त्यावर गाठलं. "एक बोंबील दे," ते म्हणाले, "आयपुढे ठेवायचाय." आणि त्यांनी खिशात हात घातला.

सखुबाईने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "आयचा वाटा इकत नाय मिलत, भाऊ." तिने भरल्या टोपलीतला एक ताजा बोंबील काढून त्यांच्या हातावर ठेवला. "मी नाय येत. मी नको ना त्यांना? तू ठेव."

धुवट धोतर, हातात बोंबील, अशी भाऊंची स्वारी फाटकाशी आली. अनंतराव समोरच उभे.

"सर, फलक वाचला नाहीत?"

"वाचला. माझ्याच भाषणाचं फळ आहे ते. अनंता, शेवटचा दिवा विझला म्हणून मी रडायचो ना वर्गात? तो विझवणारेही आपल्यासारखे भलेच लोक असणार रे."

अनंतरावांनी एकदा फलकाकडे पाहिलं आणि कठड्याचं दार स्वतःच उघडलं.

भाऊंनी बोंबील ठेवला, हात जोडले आणि तिथेच अडले. इतक्या देवांची चरित्रं तोंडपाठ, पण देवापुढे उभं राहून म्हणायचं काय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. भाऊंना रडू आलं.

"काय बोलू नको," मागून आवाज आला. येत नाही म्हणालेली सखुबाई टोपली घेऊन चिंचेखाली उभी होती. "तिला खाऊ दे."

मग पदराने तोंड पुसून ती भाऊंच्या दाराकडे वळली. "चल आता, बोहनी कर."