आक्काचं घंगाळ आणि घराचं अर्थिंग

आमच्या घरात आजवर कुणालाही विजेचा झटका बसलेला नाही. हे मी पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. का बसला नाही, ते सांगायचं मात्र इतकी वर्षं टाळलं. आता वय झालं, सांगून टाकतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नुकत्याच रांगू लागलेल्या आमच्या छकुलीने एका दुपारी आईची केसातली पिन उचलली आणि ती भिंतीतल्या सॉकेटच्या भोकात घालायला निघाली. कुसुमने, म्हणजे माझ्या बायकोने, अशी किंकाळी फोडली की छकुलीच्या हातून पिन पडली आणि माझ्या हातून चहा!

मी तसाच सायकलवरून शाहूपुरीतलं विजेच्या सामानाचं दुकान गाठलं. तिथे शटरचे सॉकेट मिळाले. वरच्या भोकात प्लगची लांब पिन गेल्याशिवाय त्यांची खालची भोकं उघडतच नाहीत.

"पावणं, ती लांब पिन अर्थिंगची. घरात अर्थिंग हाय न्हवं?" दुकानदाराने विचारलं.

"हाय की!" (अर्थिंग म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं.)

"म्हंजे न्हाय," तो म्हणाला. "अंगणात खड्डा काढा. तांब्याचा पत्रा पुरून तार जोडा, वर मीठ-कोळसा घाला, आन् रोज पाणी वता. मग वीज माणसाला सोडून जमिनीत जाती. पत्रा आठ दिवसांनी येईल."

आठ दिवस! छकुली काय आठ दिवस थांबणार होती?

तांबं घरात होतं. माझी थोरली बहीण आक्का माझ्या लहानपणीच विधवा झाली आणि आमच्याकडे परतली, ती आईने लग्नात दिलेलं अंघोळीचं घंगाळ घेऊन. काठावर 'यमुना' असं तिचं नाव कोरलेलं. मलाही तिने लहानपणी त्यातच बसवून न्हाऊ घातलेलं. त्या दिवशी आक्का एका लग्नासाठी पेठ वडगावला गेली होती. मी घंगाळ हातोड्याने सपाट केलं (पहिला घाव डोळे मिटून घातला, त्यामुळे तो अंगठ्यावर बसला!), तार जोडली आणि पुरून टाकलं. नवं आणून देऊ आणि मगच सांगू, असा बेत.

आक्का परत आली. "ह्यो खड्डा कसला रं बाळू?"

"छकुलीला शॉक बसू नये म्हणून. रोज पाणी घालायचं."

"मग त्ये काम माझं!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून अंघोळ उरकली की तिचा पहिला तांब्या खड्ड्यावर. वर एक जास्वंदीचं फूलसुद्धा!

नवं घंगाळ आणणं राहूनच गेलं आणि दिवाळीत बोंब झाली. "माझं घंगाळ कुठं हाय? छकुलीला त्यातच न्हाऊ घालनार हाय मी!" आक्काने माळा उपसला, सगळं ठाऊक असलेल्या कुसुमनेही पलंगाखाली बघितलं. मी मुद्दाम जोरजोरात कपाट शोधलं. (कपाटात घंगाळ मावलंच नसतं.)

शेवटी मीच म्हणालो, "आक्का, तूच कुणाच्या तरी कार्याला दिलं असशील."

आणि तिला ते पटलं! गल्लीत दारोदार विचारून आली आणि पायरीवर बसून म्हणाली, "इसरायला लागले रं मी. आईची येवढीच वस्तू हुती."

त्या दिवशी मला फराळ गोड लागला नाही. तरी खाल्ला.

पुढे एकदा आक्काने ओल्या हाताने इस्त्री उचलली आणि आतली तार सुटून लोखंडाला टेकली. फट्! फ्यूज उडाला. आक्का ठणठणीत! "बघ बाळू, माझ्या पाण्यानं वाचीवलं!"

पाण्याने नव्हे, तुझ्या घंगाळाने! अगदी ओठांवर आलं होतं. मी घाईघाईने फ्यूजची तार बदलायला गेलो.

तिच्या अखेरच्या आजारात हिंमत करून उशाशी बसलो. "आक्का, ते घंगाळ..."

"असू दे रं," ती डोळे मिटूनच म्हणाली. "खड्ड्याला पाणी घातलंस का आज?"

तिला ठाऊक होतं की काय? विचारायचं सोडून मी तांब्या उचलला आणि अंगणात पळालो!

आता रोज सकाळी पाणी मीच घालतो. आसपास कुणी नाही असं बघून तोंड उघडतो, "आक्का..." एवढं म्हणतो, आणि पुढे शटर बंद!