कल्याणची ढाल आणि माझी मान

त्या रविवारी कल्याणला लहान मुलांच्या मल्लखांबाच्या स्पर्धा होत्या. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील... मी सात वर्षांचा, आमच्या डोंबिवलीच्या व्यायामशाळेतला सगळ्यात लहान गडी. त्या दिवसाचा राग मला अजून येतो, आणि आज तो इथे काढणार आहे.

आजच का, तर परवा नातीच्या जिम्नॅस्टिक्स स्पर्धेचे नियम वाचले. कोचने मुलाला हात लावला की गुण वजा! सून म्हणाली, "बाबा, एवढं काय त्यात? नियमच आहे तो." तिचं बरोबर आहे, आमच्या वेळीही हाच नियम होता. पण माझं डोकं जे तापलं ते तापलंच.

माझा शेवटचा प्रकार असा होता... खांबावर उलटं लटकायचं, पायांची अढी घट्ट घालायची आणि दोन्ही हात सोडून नमस्कार करायचा. वर्षभर मी तो रोज करत होतो, पण आम्हाला शिकवणाऱ्या मास्तरांचा तळहात मानेखाली असायचाच. कधी टेकलेला, कधी नुसता जवळ. त्या हाताशिवाय त्यांनी मला एकदाही तो प्रकार करू दिला नव्हता.

आणि स्पर्धेच्या दिवशी, माझं नाव पुकारल्यावर, मास्तर कानाशी वाकून म्हणाले, "आज मी हात देणार नाही हं. गुण कापतात." झालं! सात वर्षांच्या पोराला एवढीच काय ती सूचना.

मी खांबाला नमस्कार केला आणि चढलो. सुरुवातीचं सगळं झकास जमलं, टाळ्याही पडल्या. मग उलटा झालो, अढी घातली, हात सोडले... आणि सवयीने मान मास्तरांच्या तळहातावर टेकवायला गेलो. तिथे तळहात नव्हता.

उलट्या डोळ्यांना जे दिसलं ते मी विसरलेलो नाही. मास्तर खांबापाशीच उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. एरंडेल चोपडलेल्या खांबावरून माझे पाय सुटायला लागले होते, ते त्यांना दिसत होतं. तरी हात पाठीमागेच!

मी डोक्यावर आपटणार, एवढ्यात कुणीतरी खांबाभोवती आखलेल्या फक्कीच्या रेघेच्या आत धावत आलं आणि मला वरच्या वर झेललं. ते कल्याणच्या तालमीचे वस्ताद होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. सांघिक ढालीसाठी चुरस होती ती त्यांच्याच मुलांची आणि आमची. म्हणजे मी पडलो असतो तर त्यांचं काहीच बिघडत नव्हतं.

आता आमच्या मास्तरांनी काय करावं? "लागलं का रे?" एवढं तरी विचारावं की नाही? छे! ते तावातावाने पंचांच्या टेबलाकडे गेले. "यांनी मुद्दाम हात लावला! आमचे गुण कापले जावेत म्हणून! पोरगा सावरला असता!"

पंचांनी डोक्याला डोकं लावलं. नियमात 'मदत' लिहिलेलं होतं, मदत कुणाची ते लिहिलेलं नव्हतं. त्यांचा काथ्याकूट चालला होता आणि मी अजून अण्णांच्या कडेवरच होतो. शेवटी माझे गुण कापले आणि ढाल कल्याणला गेली... मी आपटलो असतो तरी ती गेलीच असती, पण हे मास्तरांना कोण सांगणार!

अण्णांनी मला खाली ठेवलं आणि म्हणाले, "मास्तर, ढाल न्या तुम्ही. पण पोराची मान मोडली असती तर ती कुठून आणली असतीत?" आणि सांगायलाही लाज वाटते... आमचे मास्तर खरोखर ढाल घ्यायला पुढे झाले! पंचांनी अडवलं म्हणून, नाहीतर घेऊनच आले असते.

पुढे डोंबिवलीत बोभाटा झाला तो असा, की कल्याणवाल्यांनी पोराला हात लावून ढाल चोरली. सलूनमध्ये तेच, देवळात तेच, शाळेत तेच. ज्या पोराला हात लावला तो मी समोर बसलेला असायचो, पण मला विचारतो कोण?

त्या वर्षी गणपतीत मास्तरांचा सत्कार होता. भाषणात ही चोरीची कहाणी पुन्हा तिखटमीठ लावून सांगितली गेली, बायका हळहळल्या. माझे वडील रेल्वेत कारकून, चारचौघांत तोंड न उघडणारे. ते उठून उभे राहिले.

"हात त्यांनी लावला, म्हणून माझा मुलगा आज इथे बसलाय," ते म्हणाले. "तुम्ही का नाही लावलात, तेवढं सांगा."

मागून कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे हो, सणासुदीला कशाला..." आणि मास्तरांना शाल घातली गेली, टाळ्याही झाल्या. वडिलांनी माझं बखोट धरलं आणि आम्ही घरी आलो. व्यायामशाळेत मी परत गेलो नाही.

मास्तर गेले, पंच गेले, वडीलही गेले. अण्णांचं पूर्ण नावसुद्धा मला माहीत नाही... कल्याणमध्ये त्यांची नातवंडं-पतवंडं कुठेतरी असतील. ही पोस्ट फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेली तर बरं होईल, कारण त्यांच्या आजोबांची आमच्या गावाने बरीच बदनामी केली आहे.

तुमच्या आजोबांनी ढाल चोरली नव्हती हो. त्यांनी मला झेललं होतं.