किमान साठा

"आहे, पण देता येत नाही."

ग्रामीण रुग्णालयाच्या भांडारपालांचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे ते त्यांचं नावच वाटू लागलं. बोलताना ते खिडकीची एक झडप ओढून घेत आणि उरलेल्या फटीतून समोरच्याच्या हाताकडे पाहत. तोंडाकडे नाही. हातात मागणीपत्र असे, आणि ते दिसलं की साहेबांचा जीव अर्धा होई.

असा माणूस तुमच्याही तालुक्यात असेल. आमचा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या गावी होता आणि मी तिथला वार्ताहर. बातमीसाठी रुग्णालयात जाणं व्हायचं. कापसाच्या या जिल्ह्यात जखम पुसायला कापूस नाही म्हणून सिस्टर या वॉर्डातून त्या वॉर्डात हिंडत, आणि भांडारात कापसाची बंडलं छताला टेकलेली असत.

प्रत्येक औषधाचा एक किमान साठा ठरलेला असतो. माल तिथवर उतरला की नवा मागवायचा, एवढाच त्याचा अर्थ. साहेबांनी अर्थ असा घेतला होता की त्याखालचा माल रुग्णांचा नाहीच. तो तपासणी पथकाचा. पथक येणार असलं की दोन्ही झडपा उघडत. खोकी पुसून, लेबलं पुढे करून, मुलीच्या रुखवतासारखा माल टेबलावर मांडला जाई. पथक "छान" म्हणून चहा घेऊन जाई. मग पुन्हा कुलूप.

चोरी त्यांनी कधी केली नाही, हे नोंदवायला हवं. एकदा खोकं उघडताना त्यांचं बोट कापलं, तर ते रस्ता ओलांडून समोरच्या दुकानातून पट्टी विकत घेऊन आले. आपणही शेवटी एक रुग्णच, तेव्हा आपल्यालाही देता येत नाही, असा त्यांचा हिशेब असावा.

निंदणाचे दिवस होते. जवळच्या तांड्यावरची एक बाई पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, निंदताना साप चावून आली. नवऱ्यानं तिला मोटारसायकलवर, स्वतःच्या आणि भावाच्या मधे बसवून आणलं होतं. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. वॉर्डातली सर्पदंशाची लस आदल्याच रुग्णाला संपली होती. डॉक्टरांनी भांडारात मागणीपत्र पाठवलं. ते परत आलं. डॉक्टर स्वतः गेले, तेव्हा साहेबांनी त्यांना शांतपणे समजावलं की फ्रीजमध्ये लस आहे, पण ती किमान साठ्याची आहे. पेशंटला यवतमाळला हलवा. रुग्णवाहिका एका बाळंतिणीला घेऊन यवतमाळलाच गेलेली होती. डॉक्टर नोकरीत नवे होते. ते वरिष्ठांना फोन लावत बसले आणि फोन लागेना.

वॉर्डातल्या सिस्टर मात्र जुन्या होत्या. त्या खिडकीशी रिकाम्या हातानं गेल्या.

"साहेब, पथक येऊन राह्यलं. आधी फ्रीजचा माल पाहू म्हणते. ट्रेमंधी मांडून ठेवा."

दोन्ही झडपा उघडल्या. साहेबांनी एकेक कुपी पुसली, लेबल पुढे केलं, आणि भरलेला ट्रे स्वतः बाहेर टेबलावर आणून ठेवला. सिस्टरनी तो उचलला आणि वॉर्डाकडे चालू लागल्या.

"सिस्टर, कुठी नेता? पथक कुठी हाय?"

"वॉर्डात झोपलं हाय," त्या न थांबता म्हणाल्या.

साहेब धावले. सगळ्या नोकरीत त्यांना धावताना कोणी पाहिलं नव्हतं आणि वॉर्डात आलेलंही कोणी पाहिलं नव्हतं. दारात बाईचा नवरा उभा होता. त्याला दिसलं ते एवढंच की पुढे औषध येत आहे आणि त्यामागे एक चष्मेवाले साहेब धापा टाकत पळत येत आहेत. त्यानं त्यांचे पाय धरले.

"बाबा, तुमी धावून आले."

पाय धरलेले असल्यामुळे साहेबांना पुढे जाता आलं नाही. तोवर डॉक्टरांनी पहिल्या कुप्या फोडल्या होत्या. साहेब सलाईन लागेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, "रिकाम्या बाटल्या फेकू नका. हिशेबाला लागतील."

बाई वाचली.

काही आठवड्यांनी खरंच पथक आलं. लस किमान साठ्याखाली कशी गेली, असं पथकप्रमुखांनी सगळ्यांसमोर विचारलं. सिस्टर तिथेच उभ्या होत्या. त्यांच्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी साहेब सुटले असते आणि सिस्टरची नोकरी अडचणीत आली असती. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"मी दिली," ते म्हणाले. "पेशंट होता."

त्यांना मेमो मिळाला. नोकरीतला पहिला, आणि तोही औषध दिल्याबद्दल. साहेबांनी आपल्याला वाचवलं, असं सिस्टर म्हणतात. माझ्या मते, आपल्याला न विचारता माल बाहेर गेला हे कबूल करणं साहेबांना मेमोपेक्षा जड होतं. आमचं यावर अजून एकमत झालेलं नाही.

दिवाळीनंतर ते निवृत्त झाले आणि अकोल्याला मुलाकडे गेले. नवे भांडारपाल हसतमुख आहेत. मागेल त्याला देतात आणि महिना संपायच्या आत तितक्याच हसतमुखानं "संपलं" म्हणतात.

तुरीच्या शेंगा भरल्या तेव्हा ती बाई आली. डोक्यावर शेंगांची पिशवी होती. ती खिडकीशी उभी राहून आत पाहत होती. मी तिथेच सिस्टरशी बोलत उभा होतो. सिस्टरनी तिला ओळखलं.

"ते चष्मेवाले बाबा कुठी गेले?"

"रिटायर झाले वं बाई."

बाईनं पिशवी खाली ठेवली. "घरधनी सांगे, दवाई घेऊन पयतच आले म्हणे. लई जीव होता त्यायचा पेशंटवर."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशातला पेन काढून पुन्हा खिशात ठेवला.

"होता," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी घेतली.

त्याच दुपारी शेंगा मीठ घालून उकडल्या आणि वॉर्डात वाटल्या.