वेणाचे नगर जिल्ह्यातले चार फॅन

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. ते घरातल्या जुन्या चार्जरसारखे साठत जातात. कुठला कशाचा ते आठवत नाही आणि टाकवतही नाही! माझ्याकडे असा एक ढीग आहे, आणि तो सगळाच्या सगळा वेणाच्या फॅन मंडळींचा आहे.

वेणा कोण, असं तुम्ही विचारणारच. सगळेच विचारतात. ती गाणी स्वतः लिहिते, स्वतःच चाल लावते, गिटार घेऊन स्वतःच गाते आणि इंटरनेटवर टाकते. सिनेमात नाही, टीव्हीवर नाही. तिचा पहिला अल्बम 'रिकामी गच्ची' आला, तेव्हा मी नुकताच केडगावात भाड्याने एकटा राहायला लागलो होतो. दुसऱ्या अल्बमची आम्ही काही वर्षं वाट बघितली. हे किस्से त्या वाट बघण्यातले, आणि तो आल्यानंतरचे.

•

सुप्याला एका कंपनीत मी स्टोअरला आहे. सकाळी केडगावातून कंपनीची बस. माझ्या शेजारच्या सीटवर शिवा बसायचा. वेल्डिंगचा माणूस, मूळचा पारनेर तालुक्यातला. वर्षानुवर्षं शेजारी बसून आमच्यात एकच संवाद झाला होता, "सरका जरा."

एक दिवस माझ्या इअरफोनचं कनेक्शन तुटलं आणि वेणाचं गाणं सगळ्या बसमध्ये वाजायला लागलं. 'घराला कुलूप लावलं, तरी निघावंसं वाटेना.'

"कुनाचं रडगानं लागलं रे सकाळी सकाळी!" ड्रायव्हर ओरडला. बस हसली. मी घाईघाईने फोन खिशातून काढून बंद केला.

शेजारी शिवा डोळे मिटून बसला होता. त्याने तसंच, हळू आवाजात, पुढची ओळ म्हटली. 'आत कोणी नाही, तरी हाक मारून बघितली.'

मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "बंद का केलं वो?"

म्हणजे इतकी वर्षं आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून एकच अल्बम ऐकत होतो! वेगवेगळा!

•

तिसऱ्या फॅन कुलकर्णी मॅडम. हायस्कूलला मराठी शिकवून रिटायर झालेल्या. त्या आम्हाला सापडल्या त्या वेणाच्या एका गाण्याखालच्या कमेंटमध्ये. कमेंट अशी होती: 'अतिशय हृद्य. स्क्रीनवर आलेल्या शेवटच्या ओळीत अनुस्वार राहिला आहे. — श्रीमती कुलकर्णी, केडगाव.'

"आपल्या केडगावात?" शिवा उडालाच. दोन रविवार चौकशी करून आम्ही त्यांचं घर शोधलं. बेल वाजवली. दार साखळीएवढं उघडलं.

"वर्गणी दिलेली आहे," आतून आवाज.

"वर्गणी न्हाई मॅडम," शिवा म्हणाला. "वेणा."

साखळी निघाली.

मिस्टर जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कॅनडात. पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला रीतसर बोलावलं. 'फॅन क्लबची पहिली सभा' असा मेसेज. आम्ही गेलो तर गॅसवर लग्नघरातलं वाटावं एवढं पातेलं भरून उपमा!

"बाकीचे कधी येतायत?" त्यांनी विचारलं.

"बाकीचे म्हणजे... आम्हीच."

त्यांनी एकदा पातेल्याकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. मग ताटल्या काढत म्हणाल्या, "ठीक आहे. दोनदोनदा घ्या."

त्याच दिवशी त्यांनी व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. 'वेणा फॅन क्लब, नगर जिल्हा.' जिल्हा म्हणजे आम्ही तिघं. पुढे जिल्ह्याचं नाव बदललं, तर मॅडमनी त्याच दिवशी ग्रुपचंही बदललं. शिवाने लिहिलं, 'नाव बदललं, मानसं तेवढीच.'

•

चौथा संतोष. भंडारदऱ्याचा. धरणाच्या काठी पर्यटकांसाठी तंबू लावतो. त्याचीही ओळख अशीच कमेंटमधून झाली. त्याची एकच अडचण, तंबूपाशी रेंज नाही. चार दिवसांतून कधीतरी वर डांबरी रस्त्याला आला की सगळे मेसेज एकदम मिळायचे, आणि तो पहिल्यापासून एकेकाला उत्तर द्यायचा.

एकदा मॅडमना ताप आला होता. सोमवारी त्यांनी ग्रुपवर कळवलं. गुरुवारपर्यंत त्या बऱ्या होऊन वेणाच्या नव्या पोस्टरवर बोलत होत्या, तेवढ्यात संतोष उगवला. 'लई वाईट वाटलं!! अंगावर काढू नका!! डॉक्टरला दाखवा!!'

मॅडमनी उत्तर दिलं, 'पोस्टर इतकंही वाईट नाही.'

हाच संतोष शनिवारी-रविवारी आलेल्या पोरांचे स्पीकर बंद करून त्यांना वेणा ऐकवायचा. एका ग्रुपने त्याला इंटरनेटवर एकच स्टार दिला. खाली लिहिलं होतं, 'जागा सुंदर. जेवण उत्तम. मालक फार चांगले आहेत. पण त्यांनी लावलेली गाणी ऐकून सगळ्यांना घरची आठवण आली आणि आम्ही एक दिवस आधी निघालो.'

संतोषने तो रिव्ह्यू आम्हाला अभिमानाने पाठवला. 'बघा! पोचलं की न्हाई गानं!'

•

नवा अल्बम येणार ही बातमी एका फोटोने आली. फोटोत फक्त एक प्लास्टिकची खुर्ची. खाली लिहिलेलं, 'लवकरच.' बाकी काही नाही.

आठवडाभर त्या खुर्चीवर चर्चा! मॅडमचं म्हणणं, हे विरहाचं प्रतीक आहे. माझं म्हणणं, वेणा कोणाची तरी वाट बघतेय. शिवाने फोटो मोठा करकरून बघितला आणि लिहिलं, 'खुर्चीचा मागचा पाय तुटल्याला हाय. तिला सांगा बसू नको म्हनावं.'

मग 'लवकरच'चे महिने होत गेले. 'अजून थोडा वेळ', 'काम चालू आहे', 'समजून घ्या.' आम्ही समजून घेत होतो. आम्हाला दुसरं काय काम होतं?

•

शिवाचा फोन एकदा त्याच्या बायकोने बघितला. मेसेज होता, 'वेणाचं काही कळलं का? मला तर झोप येत नाही.' पाठवणारा मी!

"कोन ही वेणा?" सुनीतावहिनींनी विचारलं.

शिवा घाबरला. गाणारी आहे म्हणाला, आपली काही ओळख नाही म्हणाला. वहिनींचा विश्वास बसेना. शेवटी त्याने त्यांना समोर बसवलं, इअरफोन त्यांच्या कानात घातला आणि 'रिकामी गच्ची' लावलं. स्वतः आरोपीसारखा उभा राहिला.

वहिनींनी एक गाणं ऐकलं. दुसरं ऐकलं. सगळा अल्बम संपला. मग इअरफोन काढून त्याच्या हातात दिला.

"हिला जेवायला कोन वाढतं का न्हाई?"

आणि उठून भाकरी टाकायला गेल्या. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

•

अल्बमच्या आधी वेणा एकदा रविवारी दुपारी इन्स्टाग्रामवर लाईव्ह आली. बघणारे अगदी मोजके, त्यात आम्ही. तिने नव्या गाण्याची एक ओळ म्हणून दाखवली, 'दार उघडून आत आले, दिवा कोणी लावला?'

मॅडमनी लगेच कमेंट टाकली. 'मागच्या वेळी कुलूप लावले होते. मग किल्ली कोणाकडे होती?'

वेणाने ती वाचली. मोठ्याने वाचली! हसायला लागली. हसता हसता गिटारवर हात ठेवला. मग म्हणाली, "कुलकर्णी काकू, किल्ली शेजाऱ्यांकडे होती. नेहमी शेजाऱ्यांकडे ठेवावी."

ग्रुपवर नुसता जल्लोष! शिवाने फटाक्यांची चित्रं टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसची वाट बघत उभा होतो. मॅडम रिक्षातून उतरल्या. घरापासून एवढ्या लांब त्या सकाळी कधी येत नाहीत. पर्समधून एक किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"शेजारचा फ्लॅट बंदच असतो," म्हणाल्या. "ही तू ठेव."

आणि त्याच रिक्षाने परत गेल्या.

•

शेवटी अल्बम आला. नाव 'पाहुणी'. आला तोही कामाच्या दिवशी, ऐन दुपारी! कंपनीत आत मोबाईल न्यायला बंदी. जेवणाच्या सुट्टीत आम्ही कँटीनला गेलोच नाही. उभ्या बसमध्ये जाऊन आमच्याच सीटवर बसलो. एक इअरफोन मला, एक शिवाला. डबे मांडीवर.

गाणी एकाहून एक होती. पेटी होती, ढोलकी होती, मागे कोणीतरी पुरुष गात होता. एका गाण्यात तर ती मध्येच खुदकन हसते, आणि ते हसणं तसंच ठेवलेलं.

सुट्टी संपत आली. मी विचारलं, "कसा वाटला?"

शिवा डब्याचं झाकण लावत होता. ते नीट बसत नव्हतं.

"ह्यात ती खुश हाय रे, दिनूभाऊ."

"मग चांगलंय की."

"व्हय," तो म्हणाला. "चांगलंच हाय."

संध्याकाळी ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला. 'ऐकला. निर्दोष आहे. तिला कोणीतरी भेटलेले दिसते. आनंद वाटला.' थोड्या वेळाने दुसरा. 'रविवारी कोणी येणार आहे का?'

•

'पाहुणी' चालला. म्हणजे चांगलाच चालला! ते हसण्याचं गाणं रील्सवर आलं, हळदीत वाजायला लागलं. आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरची तीच रिंगटोन. जो ड्रायव्हर 'रडगानं' म्हणाला होता, तोच एक दिवस बसमध्ये मोठ्याने वेणा लावून मला म्हणाला, "हे ऐका दिनूभाऊ, नवीन पोरगी हाय, लई भारी गाती!"

मी म्हटलं, "हो का?"

भंडारदऱ्याला आलेली पोरं आता आपणहून संतोषकडे मागायला लागली, "काका, वेणाचं लावा ना!"

आम्ही विचारलं, "मग लावलंस का?"

'न्हाई,' त्याने रस्त्यावर येऊन लिहिलं. 'सांगितलं, रेंज न्हाई.'

•

आणि हा शेवटचा. वेणाचा पुण्याला कार्यक्रम ठरला. आम्ही सगळे जाणार होतो. मॅडमचे गुडघे आडवे आले, संतोषचं बुकिंग होतं, मला ऑडिटमुळे सुट्टी मिळाली नाही. शिवा एकटा गेला. इस्त्रीचा शर्ट घालून, एसटीने.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी त्याला बसूच दिलं नाही. "सांग! कसं झालं?"

"आत न्हाई गेलो," शिवा म्हणाला.

"म्हणजे? तिकीट होतं ना?"

"हुतं की. दारापर्यंत गेल्तो. आत डोकावलं तर हीऽ गर्दी! सगळ्यांना सगळी गानी पाठ. कुलपाचं बी पाठ. मला वाटायचं, आपन चौघंच हाय." तो खिडकीशी सरकून बसला. "मग हॉलच्या मागच्या अंगाला वॉचमन बसल्याला, त्याच्यापाशी बसलो. ऐकू येत हुतं तिथनं."

"बरं, मग?"

"मग संपला कार्यक्रम. लोकं पुढच्या दारानं गेली. जरा वेळानं मागचं दार उघडलं आन् एक बाई आली. पाठीला गिटारची पिशवी."

"वेणा?" मी ओरडलोच. अख्खी बस वळून बघायला लागली.

"व्हय. एकटीच."

"एकटीच?"

"एकटीच. वॉचमनला काय माहीत न्हाई कोन ती. त्यानं आपलं इचारलं, कसा झाला ताई कार्यक्रम? ती म्हनली, बरा झाला. गर्दी होती. आन् मग माझ्याकडं बघून म्हनली, इथं चहा मिळंल का कुठं?"

"तू काय म्हणालास? सांगितलंस ना, नगरहून आलोय म्हणून? मॅडमचं, ग्रुपचं, काही सांगितलंस की नाही?"

"मी म्हनलो, कोपऱ्यावरचा घेऊ नका, नुसतं पानी असतं. पलीकडं गाडी हाय, तिथं आल्याचा करतो. मी मगाशीच पिल्तो."

"आणि?"

"थँक यू दादा म्हनली. गेली."

बस सुप्याच्या वळणाला लागली होती. मी त्याच्या खांद्याला धरून हलवलं. "अरे, पण कुठल्या गाडीवर गेली?"

शिवाने खिडकीबाहेर बघितलं.

"कोपऱ्यावरच्या," म्हणाला.